धोडी दापूरचा शेवटचा मुक्काम

2 मार्च 1826 रोजी अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल मुंबईहून घाटावर जायला निघाले. बरोबर दोन ख्रिस्ती मुलगे, वाटायला मराठी पुस्तकं आणि थोडंफार पटकीवरचं औषध. हॉल यांचं वय बेचाळिशीला टेकलेलं, मुंबईत येऊन तेरा वर्षं झालेली. 20 मार्चला, नाशिकपासून तीसेक मैलांवरच्या धोडी दापूर या गावी, एका देवळाच्या ओसरीवर ते वारले. बरोबरच्या मुलांनी त्यांना घोंगडीत गुंडाळून तिथंच पुरलं आणि ती दोघं मुंबईला परत आली.

अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासात या हकिकतीला चार-दोन परिच्छेद मिळतात. होरेशिओ बार्डवेल हे हॉल यांचे मुंबईतले सहकारी. त्यांनी 1834 मध्ये हॉल यांचं चरित्र प्रसिद्ध केलं आणि पुढच्या पुस्तकांनीही शेवटच्या दिवसांची गोष्ट बरीचशी तशीच सांगितली. ती वाचताना माझं मन हॉल यांना सोडून त्या दोन मुलांपाशी जाऊन थांबतं. हॉल यांचे ओसरीवरचे शेवटचे आठ तास पाहिले ते त्यांनी. मरणाऱ्या माणसाचे शब्द ऐकले आणि मुंबईपर्यंत आणले तेही त्यांनी. आणि माझ्या वाचनातल्या पुस्तकांत त्यांची ओळख एवढीच: दोन मुलगे. दूरदेशी निघालेल्या मिशनऱ्यांचे शेवटचे दिवस कोणाच्या आधारानं पार पडले, हे मला या लेखात सांगायचं आहे. त्यासाठी नाशिकच्या मुलखातल्या दोन गोष्टी जोडीनं मांडतो, एक दापूरची आणि दुसरी शरणपूरची.

हॉल मॅसॅच्युसेट्समधल्या टॉलंड गावचे. विल्यम्स कॉलेजात शिकले. कनेक्टिकटमध्ये पाळक म्हणून आयतं बोलावणं आलेलं त्यांनी नाकारलं, कारण परदेशी जायचं मनात पक्कं होतं. 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था निघाली आणि 6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलम इथं पाच तरुणांना दीक्षा मिळाली: अ‍ॅडोनायरम जडसन, सॅम्युअल नॉट, सॅम्युअल न्यूएल, लूथर राइस आणि हॉल. बोर्डानं समुद्रापार पाठवलेली ही पहिली तुकडी. निघण्याआधी हॉल आणि न्यूएल यांनी फिलाडेल्फियात थोडं वैद्यकही शिकून घेतलं होतं. दापूरच्या गोष्टीत या शिक्षणाचा संबंध पुढं येतो.

कलकत्त्यात उतरल्या उतरल्या ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना निघून जायला सांगितलं. कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते, त्यात अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलेलं. हॉल आणि नॉट यांनी गलबत गाठलं आणि 11 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबई गाठली. हुकूम त्यांच्या मागोमाग आला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनानं धार्मिक वृत्तीचे, पण हुकमाचे बांधलेले. दोघांना जहाजावर चढवून इंग्लंडला धाडायची तयारी झाली तेव्हा हॉल यांनी नेपियन यांच्या सद्सद्विवेकाला हाक घालणारं पत्र लिहिलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेनं कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांसाठी दार किलकिलं केलं होतं. अखेर त्यांना मुंबईत राहू दिलं गेलं.

न्यूएल दांपत्य मॉरिशसकडे गेलं. वाटेत समुद्रातच त्यांचं तान्हं मूल गेलं आणि 30 नोव्हेंबर 1812 रोजी मॉरिशसमध्ये हॅरिएट न्यूएल गेली. वय 19. तिच्या आठवणींचं पुस्तक अमेरिकेत घरोघरी वाचलं गेलं आणि ते वाचून कितीतरी मुलींनी परदेशी मिशनची वाट धरली.

तेरा वर्षांत मुंबईची ही मंडळी एकेक करून संपत गेली. प्रकृती ढासळल्यानं नॉट 1815 मध्ये परतले. न्यूएल 1821 मध्ये पटकीनं गेले. मागून आलेले जॉन निकोल्स 1824 मध्ये, एडमंड फ्रॉस्ट 1825 मध्ये. त्याच 1825 मध्ये हॉल यांनी पत्नी मार्गारेट आणि दोन मुलांना हवापालटासाठी अमेरिकेला पाठवलं. एक मुलगा जहाजावरच वारला. पहिल्या तुकडीतले मुंबईत उरलेले एकटे हॉल.

आणि ज्यासाठी आले त्या कामाचं फळ? बाप्तिस्मा घेतलेल्यांत सांगण्यासारखं नाव एकच, 1819 मध्ये ख्रिस्ती झालेले कादर यार खान. बोर्डाच्या हिशेबानं हे अपयशच म्हणायला हवं. पण आपल्या बाजूनं पाहिलं तर चित्र पालटतं. 1816-17 मध्ये मिशननं मुंबईत छापखाना काढला आणि मराठी मजकूर छापायला सुरुवात केली. मिशनरी विल्यम कॅरी यांनी बंगालातल्या श्रीरामपुरात पंडित वैजनाथांच्या मदतीनं मराठीचं व्याकरण 1805 मध्येच छापलं होतं. पण तिकडं दूर छापलेलं मराठी आणि मुंबईच्या बाजारात बोललं जाणारं मराठी यांत फरक होता. हॉल बाजारात उभे राहून बोलत, देवळांपाशी माणसं गाठत, आणि कानावर पडलेली भाषा लिहीत. मराठी नव्या कराराचं त्यांच्या मंडळीनं केलेलं भाषांतर 1826 मध्ये छापून पुरं झालं. याच मिशननं 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. सिंथिया फरार बाई 1827 च्या अखेरीस आल्या, पुढं नगरला गेल्या. त्यांची नगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढायची प्रेरणा मिळाली. पुढं याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली जावजी दादाजी अक्षरं पाडायला शिकले आणि 1869 मध्ये त्यांनी निर्णयसागर काढला. मराठी आणि संस्कृत पुस्तकं ज्या देखण्या टायपात आपल्या आजोबा-पणजोबांनी वाचली, त्या टायपाचं मूळ इथं आहे.

म्हणून दापूरला मेलेला हा माणूस मला परका वाटत नाही. आपल्या देवाधर्माविषयी त्याच्या लेखणीतून उतरलेले कठोर शब्द आजही टोचतात आणि ते टोचायलाच हवेत. ज्या लोकांत तेरा वर्षं राहिला त्यांच्या श्रद्धेत त्याला अंधाराखेरीज काही दिसलं नाही, ही त्याची मोठी मर्यादा. पण तो त्यांच्यातून उठून गेला नाही, हेही तितकंच खरं.

आता तो दौरा. हॉल सह्याद्री चढून मार्चच्या मध्यावर नाशिकला पोचले तेव्हा गावात पटकीनं थैमान घातलं होतं. 1817 मध्ये बंगालात जेसोरला उसळलेली ही साथ 1818 मध्ये मुंबईत शिरली होती आणि तेव्हापासून दर एक-दोन वर्षांनी कुठं ना कुठं डोकं वर काढत होती. क्षेत्राचं गाव, यात्रेकरूंची वर्दळ, आणि स्नान, पिणं, धुणं सगळं एकाच गोदावरीवर. रोग पाण्यातून पसरतो हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. लंडनच्या जॉन स्नो यांनी ते दाखवलं 1854 मध्ये आणि रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याच्या तळ्यात जंतू ओळखला 1884 मध्ये. 1826 मध्ये नाशिकच्या माणसांना देवीचा कोप दिसत होता, इंग्रज डॉक्टरांना वाईट हवा दिसत होती. हॉल यांनी घरोघर औषध दिलं, पुस्तकं वाटली, उपदेश केला. बरोबरचं औषध बहुतेक संपत आलं. 18 मार्चला त्यांनी नाशिक सोडलं.

19 तारखेला रात्री दहाच्या सुमाराला ही तीन माणसं धोडी दापूरला पोचली. आज सिन्नर तालुक्यात नाशिक-पुणे रस्त्याच्या बाजूला दोडी आणि दापूर ही गावं आहेत. नाशिकपासूनच्या अंतराचा हिशेब जुळतो, तेव्हा ती हीच असावीत असं मला वाटतं. होळी तीन-चार दिवसांवर आली होती, म्हणजे माथ्यावर बरंच मोठं चांदणं असणार. रात्री उशिरा आलेल्या वाटसरूनं कुठं टेकायचं, याचं उत्तर आपल्याकडच्या गावांत ठरलेलं असे: देवळाची ओसरी. जात विचारून, न विचारून, आत गाभाऱ्यात कोणाला घ्यायचं ते ठरवून, पण ओसरीवर पाठ टेकायला सहसा कोणी हरकत घेत नसे. हॉल यांनी तिथं चटई पसरली. मूर्तिपूजेविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या माणसाला शेवटच्या रात्री देवळानं छप्पर दिलं. त्याला तिथं निजू देणाऱ्या त्या गावाबद्दल मला आदर वाटतो. मिशनच्या पुस्तकांनी त्याविषयी एक चांगला शब्द लिहायला हवा होता.

पहाटे चारला हॉल मुंबईची वाट धरायला उठले आणि त्याच क्षणी रोगानं त्यांना खाली पाडलं. नोंदीत म्हटलं आहे की एका झटक्यात ते असहाय झाले. पटकी अशीच येते. आतडी शरीरातलं पाणी भराभर बाहेर टाकू लागतात, भाताच्या पेजेसारखे जुलाब होतात, वर उलट्या. तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, पोटऱ्यांत गोळे येतात, आवाज बसतो. शुद्ध मात्र बऱ्याचदा शेवटपर्यंत राहते, आणि आपल्याला काय होतंय हे रोग्याला कळत असतं. हॉल यांना तर वैद्यक ठाऊक होतं, नाशिकला त्यांनी हेच डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी उरलेलं औषध घेतलं, उलटून पडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं. तेव्हाची औषधं म्हणजे अफूचा अर्क आणि पाऱ्याचं कॅलोमेल. त्यांच्यानं हा रोग बरा होण्यासारखा नव्हता. बरा झाला असता तो साध्या गोष्टीनं: पाणी, साखर आणि मीठ, योग्य मापात, घोटघोट, पुन्हा पुन्हा. हे जगाला पटायला 1971 उजाडावं लागलं. बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी पिंपांत हे द्रावण कालवून हजारो माणसं वाचवली.

हॉल यांनी मुलांना सांगितलं की आपण आता उठत नाही. त्यांना जवळ बसवून उपदेश केला, आपल्या सामानाची व्यवस्था सांगितली, पुरायचं कसं ते सांगितलं. पत्नीसाठी, मुलांसाठी, मुंबईच्या सोबत्यांसाठी आणि भोवतालच्या गावकऱ्यांसाठी प्रार्थना केली. शेवटी देवाचा महिमा असो, असं तीनदा म्हणाले. रोग जडल्यापासून आठ तासांत, म्हणजे भर दुपारी, सगळं संपलं.

इथून पुढं सगळा भार त्या दोन मुलांवर. ओळखीचं कोणी नाही. मुंबईच्या बाजूला सह्याद्री, नाशिकच्या बाजूला साथ. पटकीनं मेलेल्या माणसाच्या जवळ यायला कोण धजणार? नोंदी सांगतात की पुरायला जागा मिळवतानाही त्यांना अडचण पडली. पेटी कुठली मिळायला! मुलांनी हॉल यांना घोंगडीत गुंडाळलं, खड्डा खणला, माती लोटली. पुढं तिथं दगड बसवला गेला. ही कामं करताना ती मुलं स्वतः त्याच रोगाच्या तोंडात होती. निघून जाता आलं असतं, गेली नाहीत. मुंबईला चालत आली, आणि ऐकलेलं सगळं त्यांनी सांगितलं. अमेरिकेतल्या चर्चांत ज्या अखेरच्या शब्दांवर प्रवचनं झाली, ते शब्द या मुलांच्या तोंडून आलेले आहेत.

दुसरी गोष्ट याच नाशिकची, पण घडली आफ्रिकेत.

नाशिककर शरणपूर रोडवरून रोज जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. विल्यम सॉल्टर प्राइस तिचे प्रमुख. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं इंग्रजी आरमार पकडत असे आणि सोडवलेल्या आफ्रिकी मुलांतली काही इथं आणली जात. त्यांना लिहा-वाचायला आणि सुतारकी, लोहारकीसारखे धंदे शिकवत. या मुलांना बाहेरचे लोक ‘नाशिकची मुलं’ म्हणत. डेव्हिड लिव्हिंग्स्टन जानेवारी 1866 मध्ये मुंबईहून शेवटच्या सफरीला निघाले तेव्हा यांतले नऊ जण त्यांनी बरोबर घेतले. मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलेला चुमाही त्यांच्याबरोबर गेला. लिव्हिंग्स्टन मुळात लंडन मिशनरी सोसायटीचे. ही सफर नाईलचा उगम शोधण्यासाठी असली तरी गुलामांचा बाजार बंद पडावा हा ध्यास त्यांनी कधी सोडला नाही. लिव्हिंग्स्टन यांचा शोध घेत आलेल्या स्टॅन्ली यांनी 1872 मध्ये मागून पाठवलेल्या माणसांत नाशिकचे आणखी काही होते: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन.

1 मे 1873 च्या पहाटे आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मेलेले सापडले. सोबत्यांनी बसून ठरवलं की प्रेत समुद्रापर्यंत न्यायचं. हे मलाही अजून पुरतं उमगत नाही, इतकं ते मोठं आहे. हजार मैलांहून अधिक वाट, रानावनातून, आणि प्रेत घेऊन जाणाऱ्यांना गावागावांत मज्जाव. त्यांनी काळीज आणि आतडी काढून एका झाडाखाली पुरली. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती शरणपुरात शिकलेल्या जेकब वेनराइटनं. झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानंच. देह मिठात ठेवून दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, वर शिडाचं कापड शिवलं. वाटेतल्या युन्यान्येंबेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानं इथंच पुरा म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. पुढं वाट अडवली गेली तेव्हा त्यांनी धाटांचं खोटं प्रेत बांधलं, ते परत पुरायला नेतोय असं भासवलं, आणि खरं प्रेत कापडाच्या गाठोड्यासारखं बांधून पुढं काढलं. फेब्रुवारी 1874 मध्ये ते किनाऱ्यावर बागामोयोला पोचले. वाटेत त्यांच्यातली काही माणसं मेली.

किनाऱ्यावर प्रेत अधिकाऱ्यांच्या ताब्यात गेलं, मजुरी चुकती झाली आणि बहुतेकांना निरोप मिळाला. मिशननं भाडं भरलं म्हणून जेकब तेवढा जहाजावरून इंग्लंडला गेला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये पेटीच्या बाजूनं चालणाऱ्यांत तो होता. चुमा आणि त्याचा सोबती सुसी यांना नंतर इंग्लंडला नेलं गेलं आणि त्यांच्या आठवणींवर विसंबून लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशीचं संपादन झालं. जेकबनं स्वतःची रोजनिशीही लिहिली होती. ती आधी छापली गेली जर्मन भाषांतरात. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं या सोबत्यांसाठी पदकं पाडली. ती तयार होईपर्यंत त्यातले बरेच जण पांगले होते. प्राइस पुढं मोंबासाजवळ फ्रीरटाउन वसवायला गेले. त्या वसाहतीत नाशिकची कितीतरी माणसं राहिली आणि मॅथ्यू वेलिंग्टन तर मोंबासात 1935 पर्यंत जगला.

या दोन्ही गोष्टींत शेवटी काम केलं ते बरोबर चालणाऱ्यांनी. फरक नोंदीचा आहे. शरणपूरच्या मुलांना लिहिता येत होतं, मरणारा माणूस जगप्रसिद्ध होता आणि वर्तमानपत्रं त्यांच्या मागं होती, म्हणून त्यांची नावं उरली. दापूरच्या मुलांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. तरीही त्यांचं धैर्य मी तसूभर कमी मानत नाही. चितांबोच्या रानात मोठा तांडा होता, एकमेकांचा आधार होता. दापूरला दोघंच होती, आणि बहुधा मिसरूडही न फुटलेली. मिशनच्या इतिहासकारांनी हॉल यांच्या त्यागावर पानंच्या पानं लिहिली, ती योग्यच आहेत. आपण मराठी मंडळींनी तर हॉल आणि ती मुलं, दोघांनाही सोडून दिलं. छपाईचा इतिहास सांगताना आपण गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजींपासून सुरुवात करतो, मुलींच्या शाळांचा इतिहास सांगताना फुल्यांच्या 1848 च्या शाळेपासून. त्याआधीची माणसं इतिहासाच्या पुस्तकात यायला हवीत, हे मी ठामपणे म्हणतो.

अमेरिकन बोर्डाचे जुने कागद आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. मुंबईच्या मिशनऱ्यांनी बॉस्टनला लिहिलेली पत्रं त्यात आहेत. मराठी अभ्यासक त्या विद्यापीठात जातात-येतात. त्यांच्यापैकी कोणीतरी 1826 ची पत्रं काढून त्या दोन मुलांची नावं धुंडाळावीत. मुंबई, नगर, नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांतही बाप्तिस्म्याचे दाखले, वंशावळी, मिशनच्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक ट्रंकेत पडून असतील. ते रद्दीत घालू नका. त्यांची प्रत जवळच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठात द्या. आणि सिन्नरकडच्या वाचकांना विनंती, दोडी-दापूरच्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, गावात जुन्या साहेबाच्या दगडाची गोष्ट कोणी सांगत असे का. कोणाला काही आठवत असेल तर लिहून ठेवा आणि या अंकाच्या पत्त्यावर पाठवा.